आकडा मऊ आला, तरी सुई का?

पत्र: डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय 46, राहायला कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेत. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नाही. राजारामपुरीत सोनोग्राफी केली, त्यातच इलास्टोग्राफी म्हणून गाठीचा कडकपणा मोजला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: गाठ 1.4 सेंटीमीटर, बाय-रॅड्स 4 ए, कडकपणा 38 केपीए, मऊ ते मध्यम. सर्जन म्हणतात, सुईने तुकडा काढून तपासू. जाऊबाई म्हणतात, एवढं नवीन मशीन मऊ म्हणतंय तर सुई कशाला? सासूबाई म्हणतात, "सुई लावू नगंस बाई, गाठ चिघळतीया." यजमानांच्या लिव्हरचा असाच आकडा 11 आला होता, तेव्हा डॉक्टर केवढे रागावले होते. माझा तर 38! मुलीने इंटरनेटवर पाहिलं, कॅन्सरची गाठ निळी दिसते म्हणे, आणि माझ्या चित्रात निळंच निळं आहे. उलट धाकट्या बहिणीची गाठ दोन वर्षांपूर्वी कडक दाखवली होती आणि तुकड्यात काहीच निघालं नाही. मग या मशीनचं ऐकायचं की नाही? माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर होता. घरात सगळ्यांचं म्हणणं, नवरात्र झाल्यावर बघू.

उत्तर:

ताई,

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. नवरात्र होईपर्यंत थांबू नका. सर्जननी सांगितलेली सुईची तपासणी याच पंधरवड्यात करून घ्या. तुमची गाठ साधी असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. बाय-रॅड्स म्हणजे स्तनाच्या चित्रात कॅन्सरची शंका किती, ते सांगणारे ठरावीक शेरे. त्यातला 4 ए असा शेरा मिळालेल्या शंभर बायका घेतल्या, तर त्यांतल्या साधारण दोन ते दहा जणींच्या गाठीत कॅन्सर निघतो. नव्वदहून जास्त जणी सुटतात. पण आपण कुठल्या बाजूच्या, हे 38 या आकड्यावरून कोणीही सांगू शकत नाही. तुमचे सर्जन नाहीत, मशीन नाही, आणि तीस वर्षं सोनोग्राफी करणारी मीही नाही.

आता 11 आणि 38. यामुळे तुमची झोप उडाली असणार, म्हणून हे नीट सांगते. केपीए म्हणजे किलोपास्कल, हे एकक एकच असलं तरी हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नसतात. निरोगी लिव्हर फार मऊ असतं, त्याचा आकडा पाच-सहाच्या आसपास येतो. तिथे 11 म्हणजे आत व्रणासारखे धागे धरायला लागलेत, म्हणून डॉक्टर रागावले, आणि बरोबर रागावले. स्तनाचं गणित वेगळं. तिथे चरबी आहे, दुधाच्या ग्रंथी आहेत, धाग्यांचं जाळं आहे, आणि साध्या गाठींचे आकडेही वीस-तीस-चाळीस असे सहज येतात. अनेक देशांतल्या 939 गाठींवर झालेला एक मोठा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात 4 ए शेऱ्याच्या गाठींसाठी मऊ-कडक ठरवायला तपासलेली एक रेघ होती 80 केपीएची. तेव्हा तुमचा 38 हा भीतीचा आकडा नाही. यजमानांचा 11 मात्र विसरू नका. त्यांची फेरतपासणी झाली नसेल तर त्यांनाही पाठवा.

निळ्या रंगाचंही असंच आहे. मुलीने बहुतेक जुन्या पद्धतीच्या मशीनची चित्रं पाहिली. त्यातल्या काही मशीनवर कडक भाग निळा आणि मऊ भाग लाल दाखवतात. तुमच्या रिपोर्टवर केपीए आहे, म्हणजे तुमची तपासणी दुसऱ्या पद्धतीची. तिथे बहुतेक मशीनवर बरोबर उलटं असतं: निळं म्हणजे मऊ, लाल म्हणजे कडक. चित्राच्या कडेला रंगाची एक उभी पट्टी छापलेली असते, तिच्या दोन टोकांना काय लिहिलंय ते मुलीला वाचायला सांगा. ती पट्टी वाचल्याशिवाय या चित्रातल्या रंगाला काहीच अर्थ नसतो. इंटरनेटवरची चित्रं पट्टी कापून टाकलेली असतात, आणि त्यापायी किती घरांत रडारड होते ते मी पाहिलंय.

या दोन पद्धती समजून घेतल्यात तर मशीनचं किती ऐकायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल. मुळात कल्पना नवी नाही. वैद्याने रुग्णाला हात लावून पाहायचं, हे आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आलंय. कडक, न सरकणारी गाठ वाईट असू शकते, हे बोटांना मशीनच्या कितीतरी आधी माहीत होतं. कॅन्सर जिथे वाढतो तिथे शरीर त्याच्या भोवती कोलॅजनचे जाड धागे रचत जातं, म्हणून तो भाग दगडासारखा लागतो. पण बोटं खोलवर पोचत नाहीत आणि बोटांना आकडा सांगता येत नाही. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये जोनाथन ऑफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली हे काम सोनोग्राफीकडून करून घ्यायची रीत मांडली आणि तिला इलास्टोग्राफी हे नाव दिलं.

त्यांची रीत तुम्हाला स्वयंपाकघरात बसून कळेल. पुरणपोळी लाटताना पुरणात चुकून एखादा न शिजलेला हरभरा राहिला, तर उंडा दाबल्यावर पुरण पसरतं आणि हरभरा तसाच टोचत राहतो. इथेही तेच. प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर फिरवतात त्या दांड्याने, स्तन अगदी हलका दाबायचा, दाबण्याआधीची आणि नंतरची सोनोग्राफी मशीनने ताडून बघायची. जे चेपलं ते मऊ, जे चेपलं नाही ते कडक. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी यासाठी एक ते पाच असे गुण ठरवले, ते 2006 पासून जगभर वापरात आहेत. यात हात कोणाचा आणि दाब किती, यावर बरंच अवलंबून असतं.

तुमची पद्धत याच्या पुढची. यात हाताने दाबायचं नाही. मशीनच आवाजाच्या लहरींचा एक छोटा धक्का आत देतं आणि त्या धक्क्याने पेशींच्या थरात एक आडवी थरथर पसरत जाते, रंकाळ्यात खडा टाकल्यावर तरंग कडेकडे सरकतात तशी. मऊ भागात ही थरथर हळू सरकते, कडक भागात वेगाने. सोनोग्राफीचा नेहमीचा आवाज शरीरातून सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो. ही थरथर मात्र सेकंदाला एक ते दहा मीटर, एवढीच. म्हणून तर ती टिपता येते. त्यासाठी मशीन सेकंदाला हजारो चित्रं घेतं आणि वेगावरून कडकपणा काढतं. तुमच्या 38 चा अर्थ, तुमच्या गाठीतून ती थरथर सेकंदाला साधारण साडेतीन मीटर वेगाने गेली. रंकाळ्याच्या कडेने निवांत सायकल चालवणाऱ्याचा वेग असतो तेवढाच. (काही सेंटर केपीए न लिहिता हा वेगच लिहितात. उद्या दुसरीकडे तपासून 3.5 आला तर गाठ दहापट मऊ झाली असं समजू नका. गोष्ट तीच आहे.)

धक्का मशीन देत असलं तरी प्रोब माणसाच्याच हातात असतो. तो जरा जास्त टेकवला की खालची चरबीसुद्धा कडक दाखवते. म्हणून आम्ही भरपूर जेल लावतो, प्रोब नुसता ठेवतो, तुम्हाला काही सेकंद श्वास धरायला सांगतो आणि एकच माप तीन-चार वेळा घेतो. गाठ खोल असली तर थरथर तिथवर नीट पोचत नाही. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला सांगते: माप गाठीच्या मधोमध घेऊन थांबायचं नाही, तिची कडही घ्यायची. कॅन्सरमध्ये पुष्कळदा सगळ्यात कडक भाग गाठीच्या काठावर आणि लगतच्या पेशींत असतो. कधीकधी तर गाठीच्या आत थरथर पोचतच नाही, तिथे रंगच उमटत नाही, आणि घाईत कोणी त्याला मऊ म्हणून मोकळं होतं. तुमचं माप कसं घेतलं हे मला इथे बसून कळणार नाही. तुमच्या सर्जनना मात्र सोनोग्राफी करणाऱ्या त्या रेडिऑलॉजिस्टना फोन करून विचारता येईल, आणि त्यांनी तो जरूर करावा.

बहिणीकडे येऊ. त्यांची गाठ कडक होती आणि निघाली साधी, यात मशीन खोटं बोललं नाही. गाठ खरंच कडक असेल. तुम्ही लिहिलं नाहीये, पण त्या कधी गाडीवरून पडल्या होत्या का, छातीला मार बसला होता का, विचारून पाहा. मार लागलेली चरबी आतल्या आत मरते आणि तिची गाठ दगडासारखी होते. जुनी, चुना धरलेली साधी गाठ कडक लागते. ऑपरेशनचा जुना व्रण कडक लागतो. मशीन कडकपणा मोजतं, त्याच्या पुढचं त्याला काही दिसत नाही.

आणि जाऊबाईंना हेच दुसऱ्या बाजूने सांगायचंय. काही कॅन्सर मऊ असतात. एका प्रकारात गाठीत श्लेष्मासारखा बुळबुळीत द्रव साठतो, त्याला म्युसिनस म्हणतात. तो मऊ लागतो आणि दिसायलाही बऱ्याचदा गोंडस, गोल असतो. दुधाच्या नळीच्या आतच असलेला, अजून बाहेर न फुटलेला कॅन्सरही मऊ असू शकतो, कारण भोवती धागे रचायची वेळच आलेली नसते. म्हणजे जो वेळेत सापडला तर सगळ्यात चांगला बरा होतो, तोच मशीनला मऊ वाटण्याची भीती. म्हणूनच बाय-रॅड्सच्या 2013 च्या आवृत्तीत मऊ, मध्यम, कडक हे शेरे घेतले तेव्हा त्यांना जोडीचं लक्षण म्हणूनच जागा दिली. गाठीचा आकार, तिची कड आणि आतला पोत यांचं वजन त्याहून जास्त धरायचं, असं तिथेच म्हटलंय.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. वर ज्या 939 गाठींच्या अभ्यासाबद्दल लिहिलं, त्याचा निष्कर्ष या तपासणीच्या बाजूनेच होता. साध्या सोनोग्राफीला कडकपणाच्या मापाची जोड दिली तर बऱ्याच साध्या गाठींवरची सुई टळू शकते, आणि कॅन्सर निसटण्याचं प्रमाण वाढत नाही. म्हणून काही डॉक्टर 4 ए ची पण अगदी मऊ गाठ सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणतात. जाऊबाईंचं म्हणणं त्यामुळे अगदीच निराधार नाही. पण तुमच्याबाबतीत मी तसं म्हणणार नाही, आणि तुमच्या सर्जननीही म्हटलेलं नाही. तुमचं वय 46. गाठ नवी, हाताला लागणारी. तिला 4 ए मिळालंय, म्हणजे तिच्या कडेत किंवा आकारात रेडिऑलॉजिस्टना काहीतरी खटकलंय. रिपोर्ट निव्वळ मऊ म्हणत नाही, मऊ ते मध्यम म्हणतो. आणि मावशीला कॅन्सर होता. ही मावशी सख्खी का, आणि तिला कितव्या वर्षी झाला, हे सर्जनना नक्की सांगा. पन्नाशीच्या आत झाला असेल तर तुमच्या बहिणीनेही ते तिच्या डॉक्टरांना सांगायला हवं.

मी एवढ्या आग्रहाने का लिहितेय तेही सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाईंची सोनोग्राफी करताना मी सहज म्हणून गेले, "मऊ वाटतेय हो गाठ." रिपोर्टमध्ये मी सुईची तपासणी करा असंच लिहिलं होतं. पण रिपोर्ट पिशवीत राहिला आणि माझं ते एक वाक्य घरी गेलं. ऊस तोडणी, मग मुलाचं लग्न, मग आषाढ. त्या आल्या तेव्हा आठ महिने झाले होते आणि काखेतही गाठी होत्या. त्यांनी मला दोष दिला नाही. "तुमीच मऊ म्हणालासा की," एवढंच म्हणाल्या, तेही साधेपणाने. तेव्हापासून तपासणीच्या टेबलावर मी "मऊ" हा शब्द पुढचं वाक्य जोडल्याशिवाय उच्चारत नाही: "पण तुकडा तपासायचाच आहे."

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. त्यांनी ते बघितलेलं असतं. गल्लीतल्या कुणाच्या गाठीला सुई लागली आणि वर्षभरात ती बाई गेली, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं. फक्त त्या काळात सुई लागायची तीच मुळी फार उशिरा, गाठ लिंबाएवढी झाल्यावर, कातडी ओढली गेल्यावर. जीव घेतला तो उशिराने, नाव झालं सुईचं. सुईच्या वाटेत क्वचित काही पेशी सापडतात हे खरं आहे, पण त्यामुळे कोणाचं आयुष्य कमी झालेलं दिसत नाही. कॅन्सर निघालाच तर पुढच्या ऑपरेशनमध्ये आणि रेडिएशनमध्ये तो भाग हाताळला जातोच. त्यांना सोबत घेऊन जा. बाहेर बाकावर बसू देत. अर्ध्या तासात सून चालत बाहेर आलेली त्यांना दिसेल, त्यानेच त्यांची समजूत पटेल.

प्रत्यक्षात काय होतं? उपाशी राहावं लागत नाही. दात काढताना देतात तसं भुलीचं इंजेक्शन त्या जागेपुरतं देतात, ते चुरचुरतं. मग सोनोग्राफीत बघत बघत जाड सुई गाठीपर्यंत नेतात. स्टेपलरसारखा खट् असा आवाज होतो, दचकू नका, तो आधी एकदा ऐकवा म्हणून सांगा. तांदळाच्या लांब दाण्याएवढे चार-पाच तुकडे घेतात. नंतर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरतात. आठवडाभर काळंनिळं राहील. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. आणि विचारून घ्या की नुसतं बारीक सुईने पेशी ओढणार की तुकडा काढणार. तुमच्यासाठी तुकडा हवा. पेशींवरून उत्तर अर्धवट येऊ शकतं, आणि कॅन्सर असला तर तो कोणत्या औषधांना जुमानेल, हे तुकड्यावरूनच नीट कळतं.

तुमच्या पत्रात मॅमोग्राफीचा उल्लेख कुठेच नाही. झाली नसेल तर दोन्ही बाजूंची करून घ्या, आणि शक्यतो सुईच्या आधी. चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीत जसे दिसतात तसे सोनोग्राफीत दिसत नाहीत, इलास्टोग्राफीत तर नाहीतच.

खर्चाची अडचण तुम्ही लिहिली नाही, पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे कोल्हापुरातलं आपलंच सरकारी रुग्णालय आहे, तिथे सर्जरी विभागात जाऊन गाठ दाखवता येते. निदान कॅन्सरचं झालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट तिथे जायचं.

तुकड्याचा रिपोर्ट साधा आला तरी तो सर्जनना आणि रेडिऑलॉजिस्टना, दोघांनाही दाखवा. चित्रात जे दिसलं त्याच्याशी तुकड्यातलं उत्तर जुळतंय का, हे त्यांनी बघायचं असतं. जुळलं तर सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, बस्स. जुळलं नाही तर पुन्हा तुकडा, आणि त्यालाही नाही म्हणू नका.

अजून एक, तुमच्या हाताबद्दल. ही गाठ मशीनला आधी सापडलेली नाही, तुम्हाला सापडली. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 पासून वीस वर्षं दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने नुसत्या हाताने तपासलं. 2021 साली निकाल आला: त्या गटातल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. बोटांना लागलेली गोष्ट इतकी मोलाची असते. तुमच्या बोटांनी त्यांचं काम दोन महिन्यांपूर्वीच केलंय.

घटस्थापनेला अजून अठरा दिवस आहेत. उद्या सकाळी सर्जनच्या दवाखान्यात फोन करून वेळ घ्या. या आठवड्यात सुई झाली तर घट बसायच्या आत रिपोर्ट हातात असेल, आणि ललित पंचमीला त्र्यंबोलीच्या यात्रेला जाताना सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्हाला माहीत असेल. रिपोर्ट काहीही येवो, मला लिहा. बहिणीलाही तुमच्याबरोबर न्या.